कार्बोरेटरच्या कामाला किती पैसे द्यावेत?

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानक लागू झालं आणि नव्या दुचाकींमधून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. पण त्याआधी विकल्या गेलेल्या स्प्लेंडर, प्लॅटिना, शाइन, ॲक्टिव्हा, पल्सर, बुलेट अजून रस्त्यावर आहेत. दूध घालणाऱ्याची, शेतावर जाणाऱ्याची, कॉलेजच्या मुलाला वडिलांकडून मिळालेली गाडी बहुधा यातलीच असते. नीट ठेवली तर ती आणखी कितीतरी वर्षं चालेल.

गॅरेजमध्ये मात्र चित्र बदललं आहे. इंजिनाचा आवाज ऐकून कार्बोरेटर लावणारे जुने मेकॅनिक कमी होत चालले आहेत. नव्या मुलांना स्कॅनर लावून एरर कोड वाचता येतो, पण मिक्सर स्क्रू उघडला की मिश्रण कुठल्या बाजूला जातं हे त्यांतल्या बऱ्याच जणांना कोणी शिकवलेलंच नसतं. म्हणून ‘कार्बोरेटर गेला, नवा टाकू’ हे फार लवकर सांगितलं जातं, किंवा ‘जेट बदलून देतो, ॲव्हरेज वाढेल’ असं आश्वासन मिळतं. दोन्ही वेळा पैसे मालकाचे जातात.

खाली दिलेले दर पुणे, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांतल्या साध्या, विश्वासू गॅरेजांचे अंदाज म्हणून धरा. तालुक्याच्या गावी मजुरी कमी पडेल, मुंबई-ठाण्यात जास्त. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये सर्वांत जास्त.

आधी बाकीचं तपासा

गाडी ओढत नाही, मध्येच दबते, ॲव्हरेज पडलं, सकाळी दहा किका मारल्याशिवाय सुरू होत नाही. या चारही तक्रारींचं खापर कार्बोरेटरवर फोडता येतं आणि चारही तक्रारी कार्बोरेटरला हात न लावता दूर होऊ शकतात. एअर फिल्टर धुळीने गच्च भरला की इंजिनाला हवा कमी मिळते, मिश्रण जाड होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, आणि प्लग काळा पडतो. साध्या फिल्टरला १०० ते २५० रुपये लागतात. स्पार्क प्लग ८० ते १५० रुपयांना मिळतो. टॅपेट घट्ट झाले असतील तर गरम गाडी आयडलिंगला थांबतच नाही. टॅपेट लावण्याची मजुरी १०० ते २०० रुपये. टाकीच्या कॉकमधली जाळी गाळाने भरली असेल तर गाडी वेगात दबते, हळू चालवली की बरी वाटते, आणि मेकॅनिक मेन जेटवर संशय घेतो. कॉक खोलून साफ करायला शंभर रुपयेही पुष्कळ झाले.

सगळ्यांत जास्त फसवणारा भाग म्हणजे कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला मॅनिफोल्ड आणि त्याचं रबर किंवा ओ-रिंग. जुनं झालं की रबराला भेगा पडतात आणि इंजिन तिथून ‘एअर घेतं’. लक्षणं ओळखता येतात: रेस सोडली तरी आवाज लगेच खाली येत नाही, आयडलिंग कधी वर तर कधी खाली, आणि मिक्सर स्क्रू कितीही फिरवला तरी फरक पडत नाही. गाडी आयडलिंगवर ठेवून मॅनिफोल्डच्या जोडावर साबणाचं पाणी शिंपडा. आवाज बदलला तर हवा तिथूनच जाते आहे. रबर किंवा ओ-रिंग गाडीनुसार ३० ते २५० रुपयांत येते. हे न पाहता कार्बोरेटर बदलला तर नवा कार्बोरेटरही तसाच वागेल.

ॲव्हरेजबद्दल आणखी एक गोष्ट मन मोकळं ठेवून ऐकावी. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे या मिश्रणात शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी. पूर्वी ६० देणारी गाडी आता ५६ देत असेल तर कार्बोरेटरचा त्यात दोष नाही, आणि कुठलाही जेट ते चार किलोमीटर परत आणून देणार नाही. ४५ वर आली असेल तर मात्र शोध घ्यायलाच हवा. तेव्हाही आधी चाक हाताने फिरवून ब्रेक चिकटतो आहे का ते बघा, टायरची हवा बघा, क्लच स्लिप होतो का ते बघा.

मुठीच्या कुठल्या भागात त्रास होतो?

मेकॅनिकला ‘पिकअप नाही’ एवढंच सांगितलं तर त्याला अंदाजाने काम करावं लागतं. त्रास मूठ किती पिळल्यावर होतो ते सांगितलं, तर निम्मं निदान तुम्हीच केलेलं असतं. कारण कार्बोरेटरचा वेगवेगळा भाग मुठीच्या वेगवेगळ्या टप्प्यावर काम करतो.

मूठ सोडलेली असताना आणि पहिल्या पाव भागापर्यंत पेट्रोल येतं ते पायलट जेटमधून. याला स्लो जेटही म्हणतात. त्याच्या सोबतीला बाहेरून फिरवता येणारा मिक्सर स्क्रू असतो. पाव ते पाऊण भागावर स्लाइडला लटकलेली सुई, म्हणजे नीडल, राज्य करते. ती जितकी वर, तितकं पेट्रोल जास्त. मेन जेटचा खरा अंमल शेवटच्या पाव भागात, म्हणजे मूठ जवळजवळ पूर्ण पिळल्यावर. गावात ३०-४० च्या वेगाने चालणाऱ्या गाडीचा मेन जेट फारसा कामातच येत नाही. तिथे मेन जेट बदलून ॲव्हरेज वाढवण्याचं आश्वासन कोणी देत असेल तर ते मानू नका.

हे घरी तपासायला एक साधी युक्ती आहे. मुठीच्या कडेला पांढऱ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावा आणि शेजारच्या स्विचच्या खोक्यावर बंद, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा पाच खुणा करा. मोकळ्या रस्त्यावर गाडी गरम झाल्यावर एकेका खुणेवर मूठ स्थिर धरून बघा. कुठे दबते, कुठे धक्के देते, कुठे सुरळीत आहे, हे लगेच कळतं. पूर्ण पिळल्यावर दबते आणि मूठ थोडी मागे घेतली की उलट जोर पकडते, तर तिथे पेट्रोल कमी पडतं आहे. जड, घरघरत चालते आणि सायलेन्सरमधून काळपट धूर येतो, तर पेट्रोल जास्त आहे. रेस सोडल्यावर उतारावर सायलेन्सर फट्फट् फुटतो, तर पायलटचं मिश्रण पातळ आहे किंवा सायलेन्सरचा गॅस्केट लीक आहे. यातलं दुसरं कारण आधी बघा, ते स्वस्त आहे.

प्लगचा रंगही बोलतो. चहाच्या रंगाचा किंवा फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडा काळा कोळसा म्हणजे मिश्रण जाड, पांढराफटक म्हणजे पातळ. मात्र सिग्नलवर उभं राहून, चोक ओढून, रांगत आलेल्या गाडीचा प्लग काढून निकाल देऊ नये. पाच-सात किलोमीटर नीट चालवल्यावर बघावा.

साफसफाई: खरं काम आणि त्याची किंमत

कार्बोरेटरच्या दहा तक्रारींपैकी बहुतेक नीट साफ केल्यावर मिटतात, म्हणून पैसे द्यायचे तर आधी याला द्यावेत. १००-१२५ सीसी मोटरसायकलचा कार्बोरेटर उतरवून, खोलून, साफ करून, लावून, ट्यून करायची मजुरी २०० ते ३५० रुपये. स्कूटरला बॉडीचे भाग काढावे लागतात, त्यामुळे ३०० ते ५००. बुलेट किंवा मोठ्या पल्सरला ३०० ते ६००. यात कार्बोरेटर क्लीनरचा फवारा वापरला तर त्याचे पन्नास-साठ रुपये वेगळे लावतात, ते रास्त आहे. काही मोठ्या शहरांत अल्ट्रासोनिक मशीनमध्ये साफ करून मिळतो. त्याला ५०० ते १,००० रुपये पडतात. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या गाडीसाठी हा खर्च योग्य आहे, रोज चालणाऱ्या गाडीला त्याची गरज नसते.

फसगत होते ती ‘साफ केला’ या शब्दात. गाडीवरच ठेवून खालच्या वाटीचा ड्रेन स्क्रू उघडायचा, गाळ सोडायचा, हवा मारायची, याला दहा मिनिटं लागतात आणि त्याचे पन्नास-शंभर रुपये होतात. पूर्ण साफसफाईत वाटी उघडतात, फ्लोट आणि त्याची पिन काढतात, दोन्ही जेट स्क्रू ड्रायव्हरने सोडवून बाहेर काढतात, मिक्सर स्क्रू किती फेरे आत आहे ते मोजून मग काढतात, आणि प्रत्येक बारीक मार्गातून फवारा पलीकडे निघतो का ते बघतात. उजेडाकडे धरलं की जेटचं छिद्र स्वच्छ गोल दिसलं पाहिजे. पैसे पूर्ण कामाचे देणार असाल तर हे समोर उभं राहून बघा. चांगल्या मेकॅनिकला त्यात अपमान वाटत नाही.

एक गोष्ट मात्र कधीही करू देऊ नका: जेटमध्ये क्लच केबलची तार घालणं. पायलट जेटवर ३८ लिहिलेलं असेल तर त्याचं छिद्र साधारण ०.३८ मिलिमीटरचं असतं. जेट पितळेचा, तार पोलादाची. चार वेळा तार फिरवून छिद्र ०.४० झालं तर त्याचं क्षेत्रफळ दहा-अकरा टक्क्यांनी वाढतं, म्हणजे दर थेंबामागे तेवढं जास्त पेट्रोल, कायमचं. मग मिक्सर स्क्रू बसवता बसवता मेकॅनिक थकतो आणि सांगतो की कार्बोरेटर झिजला. जेट तुंबला असेल तर रात्रभर क्लीनरमध्ये बुडवून हवा मारावी. तरीही उघडला नाही तर ४०-१०० रुपयांचा नवा, त्याच नंबरचा जेट टाकावा.

स्पेअर: काय बदलावं, काय नाही

गाडी उभी असताना ओव्हरफ्लो नळीतून पेट्रोल गळत असेल तर फ्लोटची पिन किंवा तिची बैठक खराब आहे. पिन ५० ते १५० रुपये. वाटीचा गॅस्केट, ओ-रिंगा आणि पिन असलेला रिपेअर किट १०० ते ३०० रुपयांना येतो. जुन्या गाडीची साफसफाई करताना एकदा किट टाकून घेणं शहाणपणाचं, कारण इथेनॉलमुळे जुनी रबरं फुगतात किंवा कडक होतात. किटमध्ये जेट आणि सुईही येते, पण ते भाग वापरायचा आग्रह धरू नका. स्वस्त किटमधल्या जेटवरचा आकडा आणि त्यातून प्रत्यक्ष येणारं पेट्रोल यांचा मेळ असेलच असं नाही. तुमचा मूळ जेट शाबूत असेल तर तोच साफ करून परत बसवायला सांगा.

ॲक्टिव्हासारख्या स्कूटरमध्ये आणि पल्सरच्या बऱ्याच मॉडेलांत व्हॅक्यूमवर चालणारा कार्बोरेटर असतो. त्यात वरच्या झाकणाखाली रबराचा पातळ डायफ्राम असतो. त्याला भोक पडलं की मूठ पिळूनही स्लाइड वर जात नाही आणि गाडी एका वेगाच्या पुढे सरकत नाही. नुसता डायफ्राम बाजारात ३०० ते ७०० रुपयांना मिळतो, स्लाइडसकट कंपनीचा घेतला तर हजाराच्या वर जातो. या डायफ्रामवर क्लीनरचा फवारा मारू नये, रबर खराब होतं. काही स्कूटरना विजेवर चालणारा ऑटो चोक असतो. तो बिघडला की गरम गाडीही चोक ओढल्यासारखं पेट्रोल पिते. तिथे जेटला दोष देऊन उपयोग नाही.

नवा कार्बोरेटर कधी घ्यावा? स्लाइड आणि तिची भिंत इतकी झिजली असेल की स्लाइड हाताने हलवली तर खडखड वाजते, किंवा जेट बसायच्या जागेचे आटे गेले असतील, किंवा वर्षानुवर्षं पाणी राहून आतलं धातूकाम खाल्लं गेलं असेल, तेव्हा. १०० सीसीसाठी स्थानिक बनावटीचा ६०० ते १,००० रुपयांत मिळतो, नावाजलेल्या बनावटीचा १,२०० ते २,५०० रुपयांपर्यंत, बुलेटसाठी त्याहून जास्त. पुण्यात नाना पेठेत दुचाकीच्या स्पेअरची दुकानं ओळीने आहेत. तिथे चार ठिकाणी विचारलं की एकाच वस्तूच्या दरातला फरक कळतो. जुना कार्बोरेटर घेऊन जा, फोटोवर विश्वास ठेवू नका. आणि नवा टाकला तरी जुना घरी परत आणा. झिजलेला स्थानिक बनावटीचा कार्बोरेटर बदलता येतो, पण साफ करण्याजोगा मूळ कार्बोरेटर देऊन त्याच्या जागी स्वस्त नक्कल घेणं हा सौदा तुमच्या तोट्याचा आहे.

ट्यूनिंग आणि पीयूसी

ट्यूनिंगची वेगळी मजुरी ५० ते १०० रुपये, साफसफाईबरोबर ती धरलेलीच असावी. इंजिन गरम असलंच पाहिजे. थंड गाडीचं ट्यूनिंग चालत नाही, म्हणून गॅरेजला जाताना पाच किलोमीटर चालवत जा.

मिक्सर स्क्रू कुठल्या बाजूला आहे यावर सगळा खेळ आहे. तो एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा स्क्रू: बाहेर काढला की मिश्रण पातळ होतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा स्क्रू: बाहेर काढला की जाड होतं. आधी हलक्या हाताने पूर्ण आत बसवायचा (जोर केला तर टोक चेपतं आणि बैठक फाटते), मग पुस्तिकेत सांगितलेले फेरे, बहुधा दीड ते अडीच, बाहेर घ्यायचा. आयडलिंग थोडं वाढवून स्क्रू हळूहळू फिरवत इंजिनाचा आवाज सर्वांत वर जाईल अशी जागा शोधायची आणि मग आयडलिंग खाली आणायचं. बहुतेक १०० सीसी मोटरसायकलींना ते मिनिटाला १,४०० फेऱ्यांच्या आसपास असतं, स्कूटरना त्याहून जास्त.

हे काम पीयूसी केंद्रावर करून घेता येतं, आणि मी तर तेच सुचवीन. ३१ मार्च २००० नंतर बनलेल्या, जुन्या मानकांच्या फोर-स्ट्रोक दुचाकीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ४,५०० पीपीएम आहे. नळी सायलेन्सरमध्ये असताना स्क्रू पाव फेरा फिरवला की आकडा लगेच हलताना दिसतो. चालकाला पन्नास-साठ रुपये जास्त द्या आणि गाडी मर्यादेच्या काठावर न ठेवता बऱ्यापैकी खाली आणायला सांगा. मात्र नुसतं प्रमाणपत्र मिळावं म्हणून स्क्रू फिरवून मिश्रण पार पातळ केलं, तर गाडी आयडलिंगला मरेल आणि गरम होईल. पास झाल्यावर थोडं चालवून बघा.

जेट बदलणं: कोणाला खरंच लागतं?

ज्या गाडीचा फिल्टर, सायलेन्सर आणि इंजिन कंपनीने दिलं तसंच आहे, तिच्या जेटचा नंबर कारखान्यात भरपूर चाचण्या करून ठरवलेला असतो. तो बदलायचं कारण बहुतेकांकडे नसतं.

कारण असतं ते असं. जास्त मोकळा फिल्टर किंवा सायलेन्सर बसवला तर हवा वाढते आणि मूळ जेट कमी पडतो. बुलेटवाल्यांमध्ये हे नेहमीचं. (वाजणारा सायलेन्सर बेकायदेशीर आहे आणि शेजाऱ्यांना त्रासदायकही, हे इथेच सांगून ठेवतो.) आरएक्स १०० किंवा जुन्या येझदीला दुसऱ्या गाडीचा कार्बोरेटर बसवला असेल, तर त्यातले जेट त्या दुसऱ्या इंजिनासाठीचे असतात, ते बदलावेच लागतात. बोअर वाढवून मोठा पिस्टन टाकला असेल तरी तेच.

उंचीचा प्रश्न महाराष्ट्रात फारसा येत नाही. पुण्याहून महाबळेश्वरला गेलात तर चढ साधारण आठशे मीटरचा. मिश्रण चारेक टक्क्यांनी जाड होतं, गाडी किंचित सुस्त वाटते, जेटला हात लावायचं काहीच कारण नाही. लडाखला जाणाऱ्यांचं वेगळं. लेहच्या साडेतीन हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे सत्तर टक्केच उरते आणि मिश्रण वीस टक्क्यांच्या आसपास जाड होतं. तिथे दोन नंबर लहान मेन जेट आणि नीडलची क्लिप एक खाच वर (म्हणजे सुई एक खाच खाली), एवढी तयारी बरोबर ठेवावी. खर्च दोन-तीनशे रुपये. पण खाली उतरताना मूळ जेट परत बसवणं विसरू नका. लहान जेटवर मनालीपासून मुंबईपर्यंत महामार्गावर गाडी हाणली तर इंजिन भाजून निघेल.

इथेनॉलसाठी जेट मोठा करावा का, हा आता सगळीकडे विचारला जाणारा प्रश्न. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. वीस टक्के इथेनॉल असलेल्या इंधनाला सुमारे साडेतेरा. फ्युएल इंजेक्शनची गाडी सेन्सरवरून हे जुळवून घेते. कार्बोरेटरला ते जमत नाही, त्यामुळे मिश्रण थोडं पातळ होतं. दहा टक्के इथेनॉलवर नीट चालणाऱ्या गाडीत हा फरक चारेक टक्क्यांचा आहे. पहिला उपाय फुकटातला: मिक्सर स्क्रू पाव ते अर्धा फेरा जाड बाजूला. मधल्या टप्प्यात धक्के बसत असतील तर नीडलची क्लिप एक खाच खाली, म्हणजे सुई एक खाच वर. मजुरी १०० ते १५० रुपये. आणि लांब पल्ल्यावर पूर्ण मूठ पिळून चालवताना खरंच दबत असेल, प्लग पांढरा येत असेल, तरच मेन जेट एक नंबर वर. ९० च्या जागी ९२ किंवा ९३ पुरतो, ११० नव्हे. छिद्राचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणून ९० चा ११० केला तर वाढ जवळजवळ पन्नास टक्के.

आकड्यांबद्दल सावध राहायला हवं. केहिनच्या जेटवरचा आकडा छिद्राचा व्यास शतांश मिलिमीटरमध्ये सांगतो. मिकुनीच्या षट्कोनी डोक्याच्या जेटवरचा आकडा किती पेट्रोल वाहतं ते सांगतो. एकाचा १०० आणि दुसऱ्याचा १०० सारखे नाहीत. त्यामुळे ‘माझ्या मित्राच्या गाडीत ११० टाकला आणि उडायला लागली’ या सल्ल्याला फारसा अर्थ नसतो. स्थानिक बनावटीचा जेट ४० ते १०० रुपये, मूळ बनावटीचा १५० ते ४००. बदलायची मजुरी १०० ते २००. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि दोन दिवस चालवून बघावं. जेट, नीडल, स्क्रू तिन्ही एकदम बदलले की कशामुळे काय झालं ते कोणालाच सांगता येत नाही.

ॲव्हरेजसाठी लहान जेट

हा सर्वांत महागात पडणारा स्वस्त उपाय आहे. मूळपेक्षा दोन-तीन नंबर लहान जेट टाकून, किंवा जुना जेट झाळून त्याला बारीक भोक पाडून काही ठिकाणी ‘ॲव्हरेजवाला कार्बोरेटर’ करून देतात. गाडी सुरुवातीला दोन-चार किलोमीटर जास्त देते. त्या बदल्यात इंजिन जास्त तापतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह भाजतो, चढावर गाडी ओढत नाही म्हणून माणूस मूठ आणखी पिळतो आणि वाचलेलं पेट्रोल तिथेच जातं. टू-स्ट्रोकमध्ये तर धोका दुप्पट: चेतकसारख्या गाडीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, म्हणून पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. पिस्टन पकडला की बोअर, पिस्टन आणि मजुरी मिळून अडीच ते साडेचार हजार रुपये जातात. फोर-स्ट्रोकचं हेड आणि ब्लॉक-पिस्टन निघालं तर तीन ते सहा हजार.

उलट बाजूचा हिशेबही करून बघा. गाडी ६० ऐवजी ४५ देत असेल, महिन्याला हजार किलोमीटर चालत असेल आणि पेट्रोल १०४ रुपये धरलं, तर साडेपाच लिटर जास्त लागतं, म्हणजे महिन्याला पावणेसहाशे रुपये. साडेतीनशेची साफसफाई तीन आठवड्यांत वसूल होते. म्हणून मी म्हणतो, खर्च टाळू नका. फक्त योग्य जागी करा.

घरी किती करावं?

वाटीचा ड्रेन स्क्रू उघडून पेट्रोल काचेच्या भांड्यात काढणं, हे प्रत्येकाने शिकावं. तळाशी वेगळा थर किंवा थेंब दिसले तर पाणी आहे. कोकणात पावसाळ्यात बाहेर उभ्या राहणाऱ्या गाडीचा निम्मा त्रास यानेच जातो. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटी रिकामी करा. वाटीत उरलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे राहणारा चिकट थर पायलट जेट बुजवतो. यासाठी एक रुपया लागत नाही.

पूर्ण खोलायचा असेल तर ८ आणि १० नंबरचे पाने, चांगल्या प्रतीचा स्क्रू ड्रायव्हर, २०० ते ३५० रुपयांचा क्लीनर आणि डोळ्यांवर चष्मा हवा. वाटीचे स्क्रू मऊ धातूच्या अंगात बसलेले असतात. चुकीच्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर लावला की डोकं घासतं आणि मग ते काढायलाच मेकॅनिक दोनशे रुपये घेतो. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढत जा. काम उघड्यावर करा, जवळ विस्तव, सिगारेट, देवघरातला दिवा काहीही नको. व्हॅक्यूमचा कार्बोरेटर किंवा वायर जोडलेला कार्बोरेटर मात्र सराव नसेल तर स्वतः उघडू नका.

गॅरेजमध्ये गाडी देताना चार गोष्टी आधीच बोलून घ्या. काम कुठलं: नुसता गाळ काढणं की पूर्ण खोलणं. मजुरी किती आणि स्पेअर वेगळे किती. बदललेला प्रत्येक भाग, जेटसकट, हातात परत मिळाला पाहिजे. आणि जुन्या व नव्या जेटचे नंबर बिलावर लिहिलेले हवेत, म्हणजे पुढच्या वेळी दुसऱ्या मेकॅनिकला आंधळेपणाने काम करावं लागणार नाही. मूळ स्थितीतल्या १०० सीसी गाडीचं कार्बोरेटरचं संपूर्ण काम, साफसफाई, किट आणि ट्यूनिंग धरून, सहाशे-सातशे रुपयांत बसतं. त्यापुढचा आकडा कोणी सांगितला तर कुठला भाग खराब आहे तो दाखवायला सांगा, आणि दाखवला नाही तर गाडी घेऊन दुसरीकडे जा.